घागरींत पाणी होतं की नव्हतं

बाई, गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका कलाशाळेतली मुलगी उंब्रजला आमच्या घरी आली होती. तुमचं ते घागरींचं काम त्यांना तिथल्या मोठ्या दालनात पुन्हा उभं करायचं आहे. तिच्याजवळ फोटो होते. त्या तेलाच्या गिरणीत रांगेनं टांगलेल्या घागरी, सगळ्या रिकाम्या, वरून कौलांतून उतरलेला उजेड. पण कुणीतरी तिला सांगितलं होतं की शेवटी घागरींत पाणी होतं. म्हणून ती मला विचारायला आली. "काका, रिकाम्या ठेवायच्या की भरायच्या? बाईंना नक्की काय हवं होतं?" मी म्हणालो, विचार करून सांगतो. तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. रिकाम्या सांगाव्या तर खोटं वाटतं, भरलेल्या सांगाव्या तर छताची काळजी लागते. आमची मंडळी म्हणतात, "घागरी पुण्यात आन वजन ह्यांच्या टकुऱ्यावर." तुम्ही असता तर सरळ तुम्हालाच विचारून मोकळा झालो असतो. ते जमण्यासारखं नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. सहावीपर्यंतचं माझं शिक्षण, तेही तुमच्या चित्रकलेच्या तासापुरतं मनापासून, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

पाचवी-सहावीला तुम्ही आम्हाला चित्रकला शिकवायला होता. टेबलावर एक तांब्या ठेवायचा आणि आठवडाभर तोच काढायला लावायचा. मी पट्टी लावून तांब्या काढला होता, तेव्हा तुम्ही पट्टी काढून घेतली आणि म्हणालात, "तांब्याला कुठं सरळ रेघ दिसली तुला?" सहावीनंतर वडलांनी मला मंडपाच्या धंद्यात घातलं. बांबू, कनाती, दोर, लग्नं, बारशी, पुढाऱ्यांच्या सभा, यातच माझं आयुष्य गेलं. मधे पस्तीसेक वर्षं गेली असतील. तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन सांगलीला राहायला गेलात हे कानावर होतं. लोक म्हणायचे, बाई म्हातारपणी खुळावल्या, भाड्यानं बंद गिरणी घेऊन तिथं एकट्याच बसून असतात. मग एक दिवस तुम्हीच दुकानात आलात. मी उठून उभा राहिलो, तर तुम्ही दोरांच्या गुंडाळ्यांकडे बघत होता. म्हणालात, "मला वस्तू हवेत टांगणारा माणूस पाहिजे. तू पडू देत नाहीस असं ऐकलंय."

ते खरं होतं. माझा मंडप कधी पडला नाही, कारण मी रात्रभर भीत असायचो. इतर मंडपवाले एक गाठ मारतात तिथं मी तीन मारायचो. लग्न दुसऱ्याच्या पोरीचं असलं तरी अक्षता पडेपर्यंत माझं लक्ष वर वाशांकडे. असा माणूस तुम्ही का निवडला हे मला आजही नीट कळलेलं नाही.

गिरणी सांगलीत पेठेच्या मागं होती. शेंगदाण्याचा घाणा कधीच बंद झालेला, पण भिंतींना तेलाचा वास तसाच. मी पहिल्या दिवशी वासे, दोर, शिडी, दोन गडी घेऊन आलो, की काम आटपून संध्याकाळच्या एस.टी.नं परत. तुम्ही गड्यांना परत पाठवलंत. एकच घागर तुळईला टांगायला लावलीत आणि आठ दिवस तिच्याकडे बघत बसलात. रोज मी यायचो आणि रोज तुम्ही म्हणायचा, वीतभर खाली घे. दुसऱ्या दिवशी, चार बोटं वर घे. फरशीवर कोळशानं खुणा करायचा, पुसायचा, परत करायचा. कधी चार कौलं काढायला लावायचा आणि उजेड कुठं पडतो ते दुपारपर्यंत बघायचा. मी आतून वैतागलेला असायचो. मंडपात कसं, सकाळी मोकळं मैदान आणि संध्याकाळी सनई. इथं आठ दिवसांत एक घागर. घरी मंडळींनी विचारलं, काम काय चाललंय. मी म्हटलं, बाई त्याला मांडणी म्हणतात. तर म्हणाल्या, "मांडणी मंजी आमच्या सैपाकघरातलीच न्हवं? त्यात भांडी ठिवत्यात, टांगत न्हाईत." तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही चहाचा कप खाली ठेवून हसला होता. पहिल्यांदाच.

दोरावरून तुम्ही मला चांगलंच बोललात. मी प्रत्येक घागरीला काथ्याचा जाड दोर घेतला होता आणि वर दुसरा आधाराचा. तुम्ही दारातून आलात, वर पाहिलंत आणि म्हणालात, "हे बैल बांधायला आणलेत का?" मी म्हटलं, बाई, पडायला नको. तुम्ही म्हणालात, "पडायला नको हे तुझं काम आहे. पण पडेल की काय असं वाटायला पाहिजे, हे माझं काम आहे. तू माझ्या कामावर दोर बांधू नकोस." मला फार लागलं होतं ते. मग तुळयांना लोखंडी पाइप आडवे जखडले आणि प्रत्येक घागर एकाच बारीक पांढऱ्या दोरीवर आली. दोरी रिकाम्या घागरीला पुरेशी होती, तिप्पट वजनालाही पुरली असती, मी ओढून पाहिली होती. तरी मी दिवसातून दहादा गाठी चाचपायचो. चाचपायचो, कारण जवळचं दिसत नव्हतं. तुमच्या ते लक्षात आलं. एकदा तुम्ही मिरजेला तुमच्या औषधांसाठी गेलात आणि मला बरोबर नेलंत, आणि औषधं राहिली बाजूला, चष्म्याच्या दुकानात मला खुर्चीवर बसवलंत. ती माझी पहिली चाळिशी. गाठ अशी दिसते हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

घागरी कुठून आणायच्या यावर तुम्ही ठाम होता. दुकानातल्या नकोत. माण तालुक्यातल्या ज्या गावाला उन्हाळाभर टँकर चालू होता, तिथं आपण माझा टेम्पो घेऊन गेलो. बायका हंडे-घागरींची रांग लावून टँकरची वाट बघत पारावर बसलेल्या. तुम्ही त्यांच्यात जाऊन बसलात आणि सगळं सांगितलंत. महिनाभर घागर द्या, तोवर वापरायला ही प्लॅस्टिकची घ्या, प्रदर्शन झालं की तुमची तुम्हाला परत, आणि प्रदर्शन बघायला तुम्ही सगळ्यांनी यायचं. एक मावशी होती, सगळ्यांत म्हातारी, तिनं विचारलं, "आमच्या घागरी बगायला मुंबईची मान्सं येणार? त्यास्नी कुनी घागर दावली न्हाई का काय?" पण दिल्या. तांब्या-पितळेच्या दिल्या, जर्मन-अॅल्युमिनियमच्या दिल्या, पोचे आलेल्या, डाग दिलेल्या. बऱ्याच घागरींच्या गळ्याशी नाव कोरलेलं, कुणाच्या लग्नात कुणी दिली ते. तुम्ही परतीच्या वाटेवर टेम्पोत मागंच बसला होता, नावं वाचत.

उंची ठरवायला तुम्ही आमच्या मंडळींना सांगलीला बोलावलंत. डोक्यावर चुंबळ ठेवून त्यांना गिरणीच्या मधोमध उभं केलंत. कापडाची ती गोल वळी आणि घागरीचं बूड, यांच्यात किती अंतर ठेवायचं ते तुम्ही बोटांनी मोजत होता. मंडळी दोन तास उभ्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, पानी येनार असलं तर सांगा, न्हाईतर मी बसती." तुम्ही त्यांना बसवलंत आणि सगळ्या घागरी त्याच उंचीवर घ्यायला लावल्यात. आत आलेल्या माणसाला डोक्यावर नुसती बुडं दिसायची, राखेनं घासून घासून झिजलेली. मला ते काम तोपर्यंत कळत नव्हतं. त्या दिवशी मी खालून एक फेरी मारली आणि मान आपोआप आखडली, जसं काही आता डोक्यावर येणार.

मुंबईहून एक साहेब येणार होते. दिल्लीच्या मोठ्या प्रदर्शनासाठी ते कामं निवडत होते. तुम्ही आठवडाभर आधी एस.टी.डी.च्या बूथवरून तीनदा फोन केला होता, येणार ना म्हणून. इतकी वर्षं शाळेत तांब्या काढायला शिकवून तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, हे तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत, पण त्या दिवशी तुम्ही नवी नारायणपेठ नेसला होता आणि सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. साहेब सकाळी आले. हात मागं बांधून घागरींखालून फिरले, बराच वेळ. मग म्हणाले, हे असंच्या असं दिल्लीला न्यायचं, संध्याकाळी जाण्याआधी कागदावर सही करू. आणि गावात जेवायला गेले. तुम्ही मला म्हणालात, "झालं रे." एवढंच. मी लगेच गाठी तपासायला वर चढलो.

दुपारी माझा टेम्पो बायकांना घेऊन आला. बघायला यायचं ठरलंच होतं. आत आल्या, चपला दाराशी काढल्या आणि आधी आपापली घागर शोधू लागल्या. पोच्यावरून, नावावरून. "ही बग माजी." "तुजी कुटली, तुज्या घागरीला कड हाय का?" थोडा वेळ असं चाललं. ती म्हातारी मावशी दारात परत गेली. दाराशी अंगणात नळ होता, त्याला फरशी धुवायची रबरी नळी लावलेली, आणि तो नळ नीट बंद होत नसल्यानं सारखा वाहायचा. ती नळाकडे बघते, घागरींकडे बघते, परत नळाकडे. मग तुमच्याजवळ येऊन म्हणाली, "आवं बाई, दारात नळ व्हातोय आन आमच्या घागरी कोरड्या का वं?"

तुम्ही काहीतरी समजावायला सुरुवात केली. तेच, जे आम्हाला आणि साहेबांना सांगितलं होतं, रिकामेपण दाखवायचंय वगैरे. मावशी ऐकून घेत होती, मान हलवत होती. तुमचं झाल्यावर म्हणाली, "ते खरं असंल. पन व्हात्या पान्याम्होरं रिकामी घागर ठिवू न्हाई. आन दुसऱ्याचं भांडं तर कोरडं परत देऊच न्हाई." आणि तिनं नळी उचलली. माझी शिडी तिथंच होती. साठीच्या पुढची बाई, काष्टा घालून शिडीवर चढली आणि पहिल्या घागरीत पाण्याची धार सोडली.

मी ओरडलो. दोरी रिकाम्या घागरीची आहे, पाइप वाकेल, तुळई जुनी आहे, असं सगळं एका दमात. कुणी ऐकलं नाही. नळी पुरेना तिथं बादली आली, तांबे आले. काही घागरी गळत होत्या. "तुजी गळती हाय की गं." "सासूनं दिल्याली हाय, गळनारच." हसणं चाललेलं, लुगडी भिजलेली, आणि माझं लक्ष वर. मी तुमच्याकडे धावलो. तुम्ही भिंतीकडेच्या खोक्यावर बसला होता. म्हटलं, बाई, थांबवा त्यांना, साहेब येतील. तुम्ही म्हणालात, "कसं थांबवू? घागरी त्यांच्या आहेत." मी म्हटलं, कागदावर सही व्हायची आहे. तुम्ही म्हणालात, "माहीत आहे मला." तुमचा आवाज चढला नव्हता, पण हातातला रुमाल तुम्ही पिळून धरला होता.

मग तुळई वाजली. एकदाच, कर्र करून. सगळ्या थांबल्या. घागरी उतरवायलाच हव्या होत्या. भरलेली घागर वरून सोडणार कशी, दोरीनं हात सोलून निघतील. मावशीनंच तोड काढली. पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि आपल्या घागरीखाली जाऊन उभी राहिली. म्हणाली, "सोड रं बाबा गाठ." घागर तिच्या चुंबळीपासून जेमतेम दोन बोटं वर. मी शिडीवरून गाठ सोडली आणि वजन अलगद तिच्या डोक्यावर आलं. तिनं मान सावरली आणि चालू लागली. मग दुसरी. मग सगळ्याच आपापल्या घागरीखाली जाऊन उभ्या राहिल्या. गिरणीभर बायका, माना ताठ, गळक्या घागरींचं पाणी टपटपतंय, आणि मी एकेकीजवळ शिडी लावतोय, गाठ सोडतोय. बाई, एकही घागर सांडली नाही. तुम्ही खोक्यावरून उठून उभ्या राहिला होता. शेवटची गेली तेव्हा म्हणालात, "दोन बोटं जास्तच वर ठेवली होती मी." आणि चहा टाकायला आत गेलात.

साहेब आले तेव्हा फरशीवर पाणी आणि वरून नुसत्या दोऱ्या लोंबकळत होत्या. बायका टेम्पोत चढत होत्या, घागरींसकट. एकदा हातात आलेलं भांडं परत टांगून कोण जाईल. साहेब चांगले होते, चिडले नाहीत. म्हणाले, दुसऱ्या घागरी मिळतील ना, पुन्हा तसंच करू. मीही मधे पडलो, म्हटलं, विट्यात भांड्यांची मोठी दुकानं आहेत, उद्या आणतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि साहेबांना म्हणालात, "दुसऱ्या कुणाच्या?" त्यांना वाटलं तुम्ही दुकान विचारताय. सहीचा कागद परत बॅगेत घालून ते म्हणाले, कळवा मला. तुम्ही कळवलं नाहीत. दिल्लीला कोल्हापूरच्या कुणाचं तरी काम गेलं असं नंतर ऐकलं.

मी बायकांना सोडायला गेलो. तासगाव, विटा, मायणी, खड्ड्यांचा रस्ता, आणि त्यांनी ते कृष्णेचं पाणी मांडीत धरून गावापर्यंत नेलं. निम्मं वाटेतच सांडलं. टेम्पोची फळी महिनाभर फुगलेली होती.

त्यानंतर तुम्ही सात-आठ वर्षं होता. लहान कामं केलीत, मी यायचो, टांगायचो. त्या दिवसाबद्दल मी एकदाच विचारलं, की बाई, ते बिघडलं का जमलं? तुम्ही म्हणालात, "तुला काय वाटलं?" मी म्हटलं, मला फक्त भीती वाटली. तुम्ही म्हणालात, "मलाही." मग मिरजेच्या दवाखान्यात तुम्हाला ठेवलं, तिथं मी दोनदा आलो. दुसऱ्या वेळी तुम्ही ओळखलं नाहीत. तुम्हाला विचारायचं ते विचारायचंच राहिलं, आणि तेव्हा कुणाला वाटलं होतं की पुढं कुणी येऊन मलाच विचारील.

आता पुण्यात त्यांनी घागरी गोळा केल्यात. मुलीनं फोटो दाखवला. मोडीच्या बाजारातून घेतलेल्या, जुन्या, नावं कोरलेल्या. मी विचारलं, ह्या कुणाच्या? म्हणाली, "ते माहीत नाही काका, वजनावर घेतल्या." म्हणजे त्या मागायला कुणी यायचं नाही. भरायलाही कुणी यायचं नाही. कामगार पाणी भरतील, सकाळी नऊ वाजता, पगारावर. आणि रिकाम्या ठेवल्या तर फोटोसारख्या दिसतील, साहेबांना सकाळी दिसल्या तशा. तेही तुमचंच होतं, ते तुम्ही आठ-आठ दिवस बघून केलं होतं. मी काय सांगू? माझ्या एका शब्दावर लोक वर्षानुवर्षं म्हणतील, बाईंचं काम असं होतं.

इथपर्यंत लिहिलं आणि फोन वाजला. मंडळींनी आणून हातात दिला. तीच मुलगी. मला वाटलं अजून दोन दिवस आहेत, पण त्यांना उद्या लोखंडवाल्याला माप द्यायचं आहे. मी घाबरून बोलायला लागलो ते थांबेना. म्हटलं, टांगताना रिकाम्या टांगा. दोऱ्या बारीकच घ्या, पण भरलेल्या घागरीच्या वजनाच्या घ्या आणि वरचं लोखंडही त्याच हिशोबाचं. दाराशी एक नळ ठेवा, वाहता. जवळ शिडी ठेवा. पाटी लावू नका आणि पहारेकऱ्याला सांगा, कुणी पाणी भरलं तर अडवायचं नाही, कुणी नाही भरलं तर आपण भरायचं नाही. पलीकडे तिनं एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली. मग म्हणाली, "काका, हे फार छान आहे. हे बाईंनी सांगून ठेवलं होतं का?"

मी म्हणालो, व्हय.

तुम्ही असं काही सांगितलं नव्हतं. हे माझंच म्हणणं आहे असं सांगितलं असतं तर तिनं मोठ्या माणसांना विचारलं असतं आणि मंडपवाल्याचं कोण ऐकतंय. ती लिहून घेत होती, तुमच्या नावानं. मला दुरुस्त करता आलं असतं, केलं नाही. हे कागद पाकिटात घालायचे नाहीत, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवतो, मंडळींनी शर्ट धुवायला टाकायच्या आधी काढेन. पण बाई, फोन ठेवताना ती म्हणाली, अजून काही आठवलं तर पुढच्या आठवड्यात सांगा, बाई आणखी काय म्हणायच्या ते. आणि मला खरी भीती आता लागली आहे, कारण मला काहीतरी आठवेलच.